'हा बूग नव्हे': दुसऱ्या भागात जंगल कुठे गेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात 'ओपन सीझन' हा ॲनिमेशनपट इतक्यांदा पाहिला गेला की संवाद पाठ झाले, म्हणून हौसेने 'ओपन सीझन २' लावला, आणि दहा मिनिटांत सात वर्षांची लेक म्हणाली, "हा बूग नव्हे." तुम्हाला स्वतःला आणखी दोन गोष्टी खटकल्या. एक, जंगल आटलंय आणि गोष्ट पाळीव प्राण्यांतच रमते. दोन, नायक असलेलं अस्वल, म्हणजे बूगच, आपल्याच सिनेमात पाहुण्यासारखं वावरतं. हा आळस की पैशांची टंचाई, आणि पुढचे भाग मुलांना दाखवावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं ॲनिमेशनमध्ये आहे. त्यातली निम्मी तरी संगणकावरच्या प्राण्यांची फर विंचरण्यात गेली. या सिनेमांच्या टीममध्ये मी नव्हतो, पण दुसरे, तिसरे आणि थेट घरच्या टीव्हीसाठी काढलेले भाग यांवर पुष्कळ राबलोय. बाकीचे प्रेक्षक पडद्यावर काय आहे ते बघतात. आम्ही काय नाही ते बघतो. काय टाळलंय हे कळलं की पैसा आणि वेळ कुठे गेला ते आपोआप कळतं.

आधी लेकीचं. तिचा कान पक्का आहे. २००६ च्या पहिल्या भागात बूगचा आवाज मार्टिन लॉरेन्सचा होता आणि त्याचा मित्र एलियट या हरणाचा ॲश्टन कुचरचा. २००८ च्या दुसऱ्या भागात त्यांच्या जागी माइक एप्स आणि जोएल मॅकहेल आले. पुढे २०१० च्या तिसऱ्या भागात बूगसाठी मॅथ्यू जे. मन आणि २०१५ च्या चौथ्यात डॉनी लुकास. चार सिनेमे, चार बूग. तुम्ही डब केलेली आवृत्ती पाहिली असती तर हा फरक कदाचित कळलाही नसता.

आता तुम्ही म्हणाल, आवाज जुळता घेतला की झालं. तसं होत नाही, कारण आमच्याकडे आवाज आधी येतो आणि चित्र नंतर. नट माइकसमोर उभा राहून संवाद म्हणतो, त्याचं शूटिंग होतं, आणि मग ॲनिमेटर तो आवाज दिवसेंदिवस कानात घालून बसतो. कुठे श्वास घेतला, कुठे अडखळला, कुठे संहितेत नसलेला "अं..." टाकला, त्यावर खांदे कधी वर जायचे आणि भुवई कधी उडायची हे ठरतं. विनोदी नट संहितेबाहेरचं पुष्कळ बोलतो आणि त्यातलंच निम्मं हसू पडद्यावर येतं. नवीन नटाला मात्र कानात जुनं पात्र ठेवून बोलावं लागतं. तो जपून बोलतो. जपून बोललेल्या संवादावर जपूनच हालचाल बसते. तुमच्या लेकीला खटकला तो नुसता स्वर नसणार. त्या स्वराबरोबर अस्वलाची चालही थोडी बदललेली असते.

उलट दुसऱ्या भागातली मॅकस्क्विझी ही स्कॉटिश खार आठवा. दोन्ही भागांत तिचा आवाज बिली कॉनलीचाच, आणि ती पडद्यावर आली की सिनेमाच्या अंगात वारं शिरतं. हे इतरत्रही दिसतं. डिस्नेच्या 'ब्रदर बेअर २'मध्ये अस्वल झालेल्या नायकाचा आवाज जोकीन फिनिक्सऐवजी पॅट्रिक डेम्प्सीने दिला, पण दोन गमत्या मूसभावांचे रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस परत आले. माझ्या मते हे शहाणपणाचंच. नायकाचा आवाज बदलला तर लोक कुरकुर करतात आणि पुढे बघतात. विनोदी जोडी फोडली तर बघायला काही उरतच नाही.

आता तुमचा तिसरा मुद्दा, अस्वल पाहुणा का वाटतं. खरी गोम इथे आहे.

पहिला भाग आठवा. बूग हे माणसाळलेलं ग्रिझली. बेथ या वनरक्षक बाईच्या गॅरेजमध्ये वाढलेलं, खेळ करून दाखवणारं, आयतं खाणारं. त्याला जंगलात सोडून देतात आणि त्याला जंगलात राहता येत नाही. हे त्याचं दुखणं. सिनेमा संपतो तेव्हा हे दुखणं बरं झालेलं असतं. बेथ त्याला परत न्यायला येते आणि तो जंगलातच राहायचं ठरवतो. गोष्ट म्हणून उत्तम. पण त्या शेवटाने दुसरा भाग लिहिणाऱ्याचे हात बांधले जातात, कारण बऱ्या झालेल्या माणसाची गोष्ट कोण ऐकणार? त्याला पुन्हा आजारी पाडलं तर पहिल्या भागाचा शेवट खोटा ठरतो. निरोगी ठेवला तर त्याला करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून तो बाजूला उभा राहून मित्राला धीर देतो. तुम्हाला तो पाहुणा वाटला, तो याच कारणाने.

त्या लेखकांनी काढलेली वाट मला अजूनही आवडते, सिनेमा बेताचा असला तरी. त्यांनी प्रश्न उलटा केला. पहिल्या भागात माणसाळलेलं अस्वल जंगलात जातं. दुसऱ्यात, जंगलात पळून आलेल्या मिस्टर वीनी या डॅशहुंडला त्याचे जुने मालक परत घेऊन जातात. कुत्र्याला मात्र दोन्ही आयुष्यं ओढतात: इकडे मोकळं रान, तिकडे बिस्किटं आणि ओळखीची मांडी. पहिल्या भागात हेच कोडं बूगचं होतं. ते आता एका छोट्या, लांबट, घाबरट कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं. समोर खलनायक म्हणून फिफी हा पूडल जातीचा कुत्रा, जंगली जनावरांचा मनस्वी तिटकारा असलेला. क्रिस्पिन ग्लोव्हरचा आवाज. तिटकारा करणारा आकाराने चहाच्या किटलीएवढा आणि ज्यांचा तिटकारा करतो त्यात अस्वल, हा विनोद चित्र बघताक्षणीच कळतो, संवाद लागत नाही. लेखकांनी इथे चोख काम केलंय. कमी पडलं ते वेळेत. अनेक छोट्या पात्रांना थोडाथोडा विनोद वाटताना वीनीची घालमेल दोन-तीन प्रसंगांत उरकली. माझ्या हातात असतं तर एलियटच्या लग्नाचा धागा निम्मा कापून ती मिनिटं कुत्र्याला दिली असती.

लग्नाचं निघालंच आहे तर शिंगांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. एलियट हा म्यूल डीअर, म्हणजे खेचरासारख्या मोठ्या कानांचं उत्तर अमेरिकेतलं हरीण. पहिल्या भागात एकशिंगी, दुसऱ्यात वसंत ऋतूत भलीमोठी शिंगं उगवलेला नवरदेव, आणि लग्नाच्या तोंडावर शिंगं मोडून बसतो. मुलं हसतात, पण या विनोदाखाली सत्य आहे. हरणाची शिंगं गाय-बैलासारखी कायमची नसतात. ती हाडाची असतात, दर हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा उगवतात. उगवताना त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते आणि शिंगं पुरी झाली की हरीण ती झाडाला घासून काढतं. म्यूल डीअरच्या बाबतीत हे शरदाच्या सुरुवातीला होतं आणि माजाचा काळ नोव्हेंबरच्या आसपास येतो. म्हणजे वसंतात एवढ्या शिंगांचा नवरदेव ही ऋतूची सरळ उलथापालथ. मला त्याची तक्रार नाही. फुलं फुललेली असताना लग्न दाखवणं सोपं जातं आणि पानगळीत ते उदास दिसलं असतं. पण लेकीने विचारलं की "त्याची शिंगं परत येतील का", तर छातीठोकपणे हो म्हणा.

आता जंगल का आटलं.

पहिला भाग हा सोनी पिक्चर्स ॲनिमेशनचा पहिलाच सिनेमा होता. नव्या दुकानाची पहिली पाटी. तिथे हात आखडता घेत नाहीत. बीव्हरांचं धरण फुटून येणारा पूर, शिकाऱ्यांवर तुटून पडणारी अख्खी प्राणिसेना, आणि प्रत्येकाच्या अंगावर फर किंवा पिसं. पाणी, गर्दी, केस आणि पाने या चार गोष्टींनी आमचं बजेट खाल्लं जातं, आणि पहिल्या भागात चारही एकत्र आहेत. ओला झालेला केसाळ प्राणी पानांमधून धावतोय, असा शॉट स्टोरीबोर्डवर दिसला की आमच्याकडे फर विभाग एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

केसांचं गणित असं. एखाद्या अस्वलाच्या अंगावर आम्ही काही हजार वाटाड्ये केस हाताने बसवतो. कुठे उभे, कुठे पडलेले, कुठे भोवरा, हे सगळं विंचरून ठरवतो. त्यांच्या मधले लाखो केस संगणक भरतो. २००१ मध्ये 'मॉन्स्टर्स, इन्क.'मधल्या सली या निळ्या केसाळ राक्षसाच्या अंगावर २३ लाखांहून जास्त केस होते. अस्वल हललं की हे केस हलले पाहिजेत, वारा आला की वेगळे हलले पाहिजेत, दुसऱ्याने पाठीवर हात ठेवला की दबले पाहिजेत. आणि हे एका चित्रापुरतं नाही. सेकंदाला २४ चित्रं धरली तर 'ओपन सीझन २'ची ७६ मिनिटं म्हणजे एक लाख नऊ हजारांच्या वर चित्रं.

दुसरा भाग अमेरिकेत थेट डीव्हीडीवर आला, जानेवारी २००९ मध्ये. काही देशांत तो आधी, २००८ मध्येच, थिएटरांत लागला होता. या प्रकारच्या सिनेमाला थिएटरच्या सिनेमाच्या तुलनेत फार थोडा पैसा आणि त्याहून थोडा वेळ मिळतो. हा धंदा डिस्नेने १९९४ मध्ये 'द रिटर्न ऑफ जाफर'पासून जोरात सुरू केला आणि इतरांनी तो उचलला. पुढे २००६ मध्ये पिक्सार विकत घेतल्यावर डिस्नेने पुढच्याच वर्षी असे दुसरे भाग बंद करायचं ठरवलं. ते असो.

मुद्दा असा की वेळ कमी असला की पहिला प्रश्न येतो, गोष्ट कुठे घडवायची. जंगलात घडवली तर प्रत्येक शॉटमध्ये पानं, गवत, झाडांच्या फटींतून पडणारं ऊन. घरात, गाडीत, प्राण्यांच्या आलिशान निवासात घडवली तर भिंती, फरशा, गाद्या. भिंतीला केस नसतात! एकदा बांधलेली खोली दहा प्रसंगांत वापरता येते, प्रकाश एकदा लावला की पुष्कळसा तसाच चालतो. जंगलातले प्राणी शहराकडे का येतात, याचं गोष्टीतलं कारण काहीही असो, हिशेबातलं कारण बहुधा हेच असतं. ॲनिमेशनमधल्या दुसऱ्या भागांत प्राणी किती वेळा माणसांच्या वस्तीत, सर्कशीत, जहाजात किंवा बागेत जातात ते मोजून बघा.

"पण पहिल्या भागाची जनावरं तयारच होती ना?" हा प्रश्न निर्मातेसुद्धा विचारतात, तेव्हा तुम्ही विचारला तर नवल नाही. होती आणि नव्हती. अस्वलाचं रिग, म्हणजे त्याच्या आतला सांगाडा आणि तो हलवण्याची कळसूत्रं, एका स्टुडिओच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेली असतात. पहिल्या भागाचं काम सोनीच्याच इमेजवर्क्सने केलं, दुसऱ्याच्या निर्मितीत रील एफएक्स हा स्टुडिओ आला. जागा बदलली की जुनं जनावर नव्या घरात जसंच्या तसं उभं राहत नाही. आकार मिळतो, रंग मिळतात. केसांची रचना आणि चेहऱ्याची कळसूत्रं बहुतेक वेळा नव्याने करावी लागतात. माझ्या वाट्याला आलेल्या एका दुसऱ्या भागात जुन्या कोल्ह्याची फाइल उघडली तेव्हा शेपूट वेगळी पडली होती आणि डोळे कवटीच्या मागच्या बाजूला होते. तीन आठवडे आम्ही त्याला कोल्हा करत होतो.

याच प्रोजेक्टमधला साळिंदराचा किस्सा सांगतो. संहितेत होतं, शेवटी साळिंदर आणि ससा कडकडून मिठी मारतात. लिहिणाऱ्याला एक ओळ. आम्हाला काटे सशाच्या पोटातून आरपार जाताना दिसत होते, कारण कठीण काटा मऊ फरला भिडला की संगणक गोंधळतो आणि प्रत्येक काटा हाताने सरकवावा लागतो. चार दिवस झटलो. पाचव्या दिवशी दिग्दर्शिकेने तो शॉट झाडामागे नेला. ससा झाडामागे जातो, मिठी आपल्याला दिसत नाही, फक्त "आई गं!" ऐकू येतं, आणि ससा अंगभर काटे घेऊन हसत बाहेर येतो. बाहेर येतानाचे काटे सशाला नुसते चिकटवलेले, हलायचं काम नाही. पूर्ण सिनेमात मुलं सर्वांत जास्त त्यालाच हसली. टंचाईतून आलेला विनोद तो. संहितेतला मूळ प्रसंग जसाच्या तसा पैसे ओतून केला असता तर गोड झाला असता, इतकंच.

म्हणून तुमच्या "आळस की पैसा" या प्रश्नाला माझं उत्तर असं की पैसा कमी असतोच, तो सगळ्याच दुसऱ्या भागांत कमी असतो. बघायचं ते त्या टंचाईतून काही उगवलं की नुसती भिंत उभी केली. फिफी उगवला. पूडलची फर झुडपासारखी गोळे करून कातरलेली असते, त्यामुळे ती लांब मोकळ्या केसांइतकी छळत नाही, आणि तेच कातरलेपण त्याच्या स्वभावातही आहे. मागच्या रांगेतली काही कुत्री-मांजरं मात्र निव्वळ खोली भरायला आणलेली वाटतात.

दुसऱ्या भागाच्या या कोंडीतून बाहेर पडायच्या आणखी दोन वाटा मी पाहिल्यात. एक मधे शिरण्याची. 'बाम्बी' १९४२ चा, आणि त्याचा दुसरा भाग आला २००६ मध्ये, तब्बल ६४ वर्षांनी. पहिल्या सिनेमात आई गेल्यावर पाडस एकदम मोठं झालेलं दिसतं. दुसऱ्या भागाने तीच फट पकडली: आई गेल्यानंतर, वडिलांना बाळ सांभाळता येत नसतानाचे दिवस. दुखणं आधीच तिथे होतं, कुणी दाखवलं नव्हतं इतकंच. नायकाला नव्याने आजारी पाडावं लागलं नाही. थेट घरी पाहायच्या भागांत मला हा सर्वांत नेटका वाटतो, आणि मुलांनाही तो झेपतो.

दुसरी वाट मिळालेलं बक्षीस काढून घेण्याची. 'द नट जॉब २' (२०१७, हा थिएटरचा सिनेमा) सुरू होतो तेव्हा सरली नावाची खार आणि तिची टोळी सुक्या मेव्याच्या दुकानात ऐषारामात जगत असते. बॉयलरकडे दुर्लक्ष होतं आणि दुकानच उडतं. पहिल्या भागाची कमाई पहिल्या काही मिनिटांत मातीमोल, आता बागेत परत जा आणि स्वतः शोधून खा. ही युक्ती स्वस्त आहे, पण चालते. अडचण पुढे येते. बाग वाचवायची म्हणून मग पाठलाग, आणखी पाठलाग, आणि विनोद धापा टाकत मागे राहतो. जॅकी चॅनच्या आवाजातला चिमुकला पांढरा उंदीर तेवढा सिनेमा सावरतो.

राहिला प्रश्न पुढच्या भागांचा. तिसऱ्यात लेखकांनी बूगसाठी अखेर नवं दुखणं शोधलंय: मित्राला बायको-मुलं झाली, त्याला वेळ नाही, आणि एकट्या पडलेल्या अस्वलाची गाठ रशियन सर्कशीशी पडते. दिग्दर्शन कोडी कॅमेरॉनचं, म्हणजे वीनीला आवाज देणारा तोच. चित्रांचा दर्जा आणखी उतरलाय, फर काही ठिकाणी गालिच्यासारखी दिसते, पण बूग पुन्हा आपल्या गोष्टीच्या मध्यभागी आलाय. तुमची लेक बूगसाठी बघत असेल तर दुसऱ्यापेक्षा तिसरा तिला जास्त पटेल असा माझा अंदाज. चौथा मी अर्धाच पाहिला.

एक करून बघा. दुसरा भाग पुन्हा लावलात तर मधेच आवाज बंद करा आणि तिला विचारा, "आता हा बूग आहे का?" माझ्या पुतणीने यावर बराच वेळ विचार केला होता आणि मग म्हणाली, "बसलाय तेव्हा आहे. चालायला लागला की नाही."

तिला मी पुढच्या सुट्टीत स्टुडिओत घेऊन जाणार आहे.